लपवलेली गोळी

‘औषध वेळेवर घेत जा’ हे वाक्य आम्ही डॉक्टर दिवसातून इतक्यांदा उच्चारतो की त्यातला अर्थ झिजून गेला आहे. रुग्ण मान डोलावतो आणि आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. रक्तदाबाची एखादी गोळी एखाद्या दिवशी राहिली, तर शरीर बहुधा ती चूक पोटात घालते. आज मात्र मला अशा रुग्णांविषयी लिहायचे आहे, ज्यांच्या बाबतीत शरीर इतके उदार राहू शकत नाही. मूळपेशी प्रत्यारोपण, म्हणजे बोलीभाषेत आपण ज्याला ‘बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट’ म्हणतो, ते झालेले हे रुग्ण होत.

मिहानच्या परिसरात राहणाऱ्यांना हा विषय आता परका राहिलेला नाही. खापरी, शिवणगावच्या आसपास जिथे शेते होती, तिथे विमानदुरुस्तीचे केंद्र आणि संगणक कंपन्या उभ्या राहिल्या. त्याच मिहानमध्ये एम्स नागपूर आले आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. वर्धा मार्गावर थोडे पुढे, जामठ्याला, राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. दुसऱ्या व्यक्तीच्या अस्थिमज्जेचे भारतातील पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे विदर्भातील कुटुंबाला या उपचारासाठी मुंबई किंवा वेल्लोर गाठावे लागे. आता ही सोय नागपुरातच झाली आहे.

त्यात आपल्या विदर्भाचे स्वतःचे असे एक दुखणे आहे. सिकलसेलच्या आजाराची या भागातील नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच केली होती. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील किती घरांत हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, हे आपणांस ठाऊक आहे. या आजाराच्या बहुतेक रुग्णांवर गोळ्यांनीच उपचार होतात. परंतु निवडक मुलांना, जुळणारा भाऊ किंवा बहीण दाता म्हणून मिळाल्यास, प्रत्यारोपणाने आजारातून मुक्त होण्याची वाट मिळते. रक्ताच्या कर्करोगाचे आणि थॅलेसेमियाचे काही रुग्णही याच वाटेने जातात.

प्रत्यारोपण करणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयात असतात. पण घरी परतलेल्या माणसाला सर्दी होते, पाय मुरगळतो, रात्री पोट बिघडते, आणि तेव्हा तो माझ्यासारख्या साध्या एमबीबीएस डॉक्टरच्या दवाखान्यात येतो. म्हणून हा विषय जितका तज्ज्ञांचा आहे, तितकाच आपला आणि माझाही आहे.

नवे पाहुणे, जुने घर

या औषधांचे महत्त्व समजण्यासाठी प्रत्यारोपणात नेमके काय घडते ते थोडक्यात पाहू. रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा तीव्र औषधांनी, कधी किरणोपचाराने, निकामी केली जाते. नंतर दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या पिशवीप्रमाणेच शिरेतून दिल्या जातात. त्या आपणहून हाडांच्या पोकळीत जाऊन वस्ती करतात आणि दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात.

मात्र या नव्या पेशींतून नवी प्रतिकारशक्तीही जन्माला येते, आणि तिच्या दृष्टीने रुग्णाचे शरीर हेच परके असते. ती त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकते. तळहात व तळपायांवर लाल पुरळ, न थांबणारे जुलाब, कावीळ ही त्याची लक्षणे. तज्ज्ञ त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. याच्या उलटही घडू शकते. रुग्णाच्या उरलेल्या पेशी नव्या पेशींना हुसकावून लावतात, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णात मूळ आजार परत येऊ शकतो.

हे दोन्ही टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस यांसारखी प्रतिकारशक्ती आवरून धरणारी औषधे देतात. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून मिळाले. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूत सापडले. मातीतून आलेल्या या दोन औषधांनी प्रत्यारोपणाचा इतिहास बदलला. त्यांच्या जोडीला विषाणू, बुरशी आणि जिवाणू यांच्या संसर्गापासून रक्षण करणाऱ्या गोळ्या असतात. सुरुवातीच्या महिन्यांत रुग्णाच्या हातात दिवसाला पंधरा-वीस गोळ्या येणे नवलाचे नाही.

मायलोमासारख्या आजारात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी काढून परत दिल्या जातात. तिथे प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्या सहसा लागत नाहीत, पण संसर्गरोधक औषधे आणि पुढील उपचार चालूच राहतात. आपल्या घरातील रुग्णाचा प्रकार कोणता, हे प्रथम विचारून घ्यावे.

बरे वाटण्याचे दिवस

प्रत्यारोपणानंतरचे पहिले शंभर दिवस मोजण्याची पद्धत आहे. या काळात दूरगावचे कुटुंब रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहते. आई वेळेवर गोळ्या काढून देते, वडील वहीत ताप लिहितात, आठवड्यातून एकदोनदा रक्ततपासणी होते. भीती ताजी असते, म्हणून शिस्तही पाळली जाते.

नंतर गावी परतण्याची परवानगी मिळते. डोक्यावर केस उगवू लागतात, जेवण जाऊ लागते, शेजारीपाजारी ‘आता अगदी ठणठणीत दिसतो’ असे म्हणतात. औषधांचा क्रम मोडण्याचा खरा धोका इथून सुरू होतो. ज्या गोळीमुळे माणूस बरा दिसत असतो, तीच गोळी बरा दिसत असल्यामुळे सुटते. कोणी मुद्दाम सोडत नाही. एखाद्या लग्नाला जाताना डबी घरी राहते. पोळ्याच्या किंवा महालक्ष्म्यांच्या धांदलीत संध्याकाळची वेळ टळते. दुकानात औषध संपलेले असते आणि ‘सोमवारी या’ असे उत्तर मिळते. कधी महिनाअखेर पैसे संपतात. प्रत्यारोपणासाठी समाजाने, संस्थांनी, योजनांनी हात दिलेला असतो, पण पुढच्या महिन्यांची औषधे, तपासण्या आणि प्रवासभाडे यांचा हिशेब पुष्कळदा कुणी मांडलेलाच नसतो.

आणि दुष्परिणाम असतातच. सायक्लोस्पोरिनने अंगावर लव वाढते, हिरड्या सुजतात. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. स्टिरॉइडने चेहरा गोल होतो. पन्नाशीतला माणूस हे सोसतो, पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र शाळेत जाणे नकोसे होते. तिने गोळी जिभेखाली दडवून नंतर थुंकून टाकली, तर त्यामागचे दुःख आपण समजून घ्यायला हवे. दरडावल्याने गोळी एक दिवस गिळली जाईल. दुष्परिणामाची तक्रार तज्ज्ञांपर्यंत पोहोचली, तर मात्रा किंवा औषध बदलण्याचा मार्ग निघू शकेल.

चुकलेली आणि लपवलेली

आता मी या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या रुग्णांच्या बाबतीत चुकलेल्या गोळीपेक्षा लपवलेली गोळी अधिक घातक ठरू शकते. त्याचे कारण पाहा.

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांची रक्तातील पातळी एका अरुंद पट्ट्यात राहावी लागते. कमी झाली तर नव्या-जुन्या पेशींचा झगडा पेटतो. जास्त झाली तर मूत्रपिंडे दुखावतात, रक्तदाब चढतो, क्वचित झटकेही येतात. म्हणून तज्ज्ञ वारंवार पातळी तपासतात आणि त्यावरून मात्रा ठरवतात. समजा, आठवड्यात तीन गोळ्या राहिल्या आणि ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून कोणी ते सांगितले नाही. अहवालात पातळी कमी येते. तज्ज्ञांना वाटते की ही मात्रा या शरीराला अपुरी पडते आहे, आणि ते ती वाढवतात. इकडे अहवालाने घाबरलेले कुटुंब दुसऱ्या दिवसापासून काटेकोर होते. वाढवलेली मात्रा आता पूर्ण पोटात जाते आणि पातळी धोक्याची रेषा ओलांडते. हेतू सर्वांचाच चांगला असतो, पण मूत्रपिंडांना त्याची किंमत मोजावी लागते.

याचा उलटा प्रकारही घडतो. पातळीसाठीचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी द्यायचे असते. ‘गोळी कधी चुकवायची नाही’ हे पक्के लक्षात ठेवलेला रुग्ण पहाटे घरूनच गोळी घेऊन निघतो. मग पातळी खोटी वाढलेली दिसते आणि मात्रा विनाकारण कमी केली जाते. तेव्हा तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवावी, रक्त द्यावे आणि मगच ती घ्यावी. चुकून आधी घेतलीच, तर रक्त घेणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घेतली, तेही सांगावे.

म्हणून, वाचकहो, घरात असे वातावरण ठेवा की ‘काल रात्रीची राहिली’ हे वाक्य निर्भयपणे उच्चारता येईल. पूर्वी वैद्यकात रुग्णाने ‘आज्ञा पाळली की नाही’ असा विचार होत असे. आता जगभर ‘रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवलेला क्रम पाळला जातो आहे का’ असा विचार होतो. आज्ञा मोडणारा माणूस अपराधी ठरतो आणि अपराधी माणूस खरे बोलत नाही. मिळून ठरवलेले मोडले, तर ते पुन्हा मिळून सावरता येते. आम्हा डॉक्टरांनीही ‘गोळ्या नीट घेता ना?’ असे विचारणे सोडले पाहिजे, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?’ असे विचारले, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. हाच प्रश्न आपण आपल्या घरात विचारून पाहा.

एखादी वेळ चुकलीच तर काय करायचे, हे घरी परतण्यापूर्वीच आपल्या प्रत्यारोपण केंद्राकडून लिहून घ्यावे. दोन वेळांची मात्रा एकदम कधीही घेऊ नये. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर मनाने निर्णय न घेता केंद्राला दूरध्वनी करावा.

प्रेमाचा काढा

या रुग्णांच्या औषधांचा क्रम पुष्कळदा प्रेमापोटीच बिघडतो. अशक्त मुलाकडे पाहून आजीचा जीव तुटतो आणि ती गुळवेलीचा काढा उकळते. कोणी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ चूर्ण आणून देतो. एरवी यात मी फारसे पडलो नसतो. परंतु इथे वैद्यकाचा सारा प्रयत्न नव्या प्रतिकारशक्तीला काही महिने आवर घालण्याचा आहे, आणि त्याच वेळी तिला चेतवणारे काही देणे म्हणजे एका हाताने विझवायचे आणि दुसऱ्या हाताने फुंकर घालायची. शिवाय गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवले आहेत. आजीला दुखवू नका. तिच्याकडे गोळ्यांच्या वेळा सांभाळण्याचे काम द्या. तिच्या मायेला ते शोभेल.

फळांविषयी प्रश्न हमखास येतो. ग्रेपफ्रूट, पपनस आणि कडू संत्रे यांतील काही द्रव्ये आतड्यातील औषध पचवणारी यंत्रणा बंद पाडतात, त्यामुळे रक्तातील औषधाची पातळी अचानक वाढते. ही फळे आणि त्यांचे रस वर्ज्य करावेत. आपले नागपुरी संत्रे वेगळ्या जातीचे आहे, त्याच्यावर हा आरोप नाही. तरीही सुरुवातीच्या काळात कच्ची फळे केव्हापासून आणि कशी खायची, ते केंद्राच्या सल्ल्यानेच ठरवावे. उपवासाचेही तसेच. एकादशी-चतुर्थीला जेवण बदलले तरी गोळी बदलत नाही. टॅक्रोलिमस जेवणाआधी ठरावीक अंतराने घेत असाल, तर रोज तसेच घ्या. एक दिवस उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी भरल्यापोटी असे झाले की पातळी हिंदकळते.

औषधांच्या दुकानातून परस्पर काही घेणे हा तर मोठाच धोका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर घाव बसतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके पातळी वाढवतात, तर क्षयाचे रिफॅम्पिसिन आणि झटक्यांचे फेनिटॉइन ती खाली आणतात. बुरशीविरोधी गोळ्यांचे गणित आणखी नाजूक आहे. त्या चालू असताना त्यांचा परिणाम धरूनच टॅक्रोलिमसची मात्रा कमी ठेवलेली असते. ‘ही गोळी महाग आहे, तेवढी बंद करू’ असे म्हणून ती थांबवली, तर दुसऱ्याच गोळीची पातळी कोसळते. एका गोळीला हात लावला की सगळे गणित हलते.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर या रुग्णासाठी ती तातडीची वेळ समजावी, मध्यरात्र असली तरीही. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. ताप दबतो, संसर्ग मात्र आत वाढत राहतो. ताप मोजावा, लिहावा आणि केंद्राला कळवावे.

घड्याळ, ऊन आणि डबी

मिहानमधील पुष्कळ तरुण पाळ्यांमध्ये काम करतात. बारा-बारा तासांनी घ्यायच्या गोळीची वेळ पाळीप्रमाणे बदलू नये. सकाळी आठ आणि रात्री आठ ही वेळ ठरली, तर रात्रपाळीतही तीच पाळावी. भ्रमणध्वनीवर दोन गजर लावावेत, एक रुग्णाच्या आणि एक घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या. गजर बंद केला म्हणजे गोळी घेतली असे होत नाही, म्हणून भिंतीवरील दिनदर्शिकेत गोळी घेतल्यानंतरच खूण करावी.

आपला उन्हाळा आपण जाणतोच. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुचाकीच्या डिक्कीत किंवा बंद मोटारीत औषध ठेवणे म्हणजे ते भाजून काढणे होय. घरातील थंड, कोरड्या जागी ठेवावे, स्वयंपाकघरात शेगडीजवळ नको. सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढाव्यात, आठवड्याच्या डबीत आधीच भरून ठेवू नयेत. औषध संपण्याच्या किमान दहा दिवस आधी नवे आणून ठेवावे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे दिले किंवा दिवसातून एकदा घ्यायचा प्रकार दिला, तर केंद्राला विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण नाव एकच असले तरी ही औषधे परस्परांच्या जागी चालतातच असे नाही. पैशांची अडचण आली, तर गोळ्या अर्ध्या करून पुरवू नका. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. अडचण वेळीच सांगितली, तर मदतीच्या वाटा शोधायला त्यांना अवधी मिळतो.

वाढत्या मुलांकडे ही जबाबदारी हळूहळू सोपवावी. आधी त्याने आपल्या गोळ्यांची नावे सांगावीत, मग आईच्या देखत स्वतः काढाव्यात, मग खूण त्याने करावी आणि आईने फक्त पाहावी. सोळाव्या वर्षी वसतिगृहात जाताना एकदम सारा भार त्याच्यावर टाकणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते.

शेवटी एक विनंती. आपल्या घरात असा रुग्ण असेल, तर त्याच्या सर्व औषधांची नावे, मात्रा, वेळा आणि प्रत्यारोपण केंद्राचा क्रमांक एका कागदावर लिहा. त्याची एक प्रत फाईलमध्ये, एक पाकिटात आणि एक आपल्या फॅमिली डॉक्टरकडे ठेवा. कोणत्याही दवाखान्यात गेलात, तर आधी तो कागद पुढे करा, मग तक्रार सांगा. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला राहिलेल्या गोळ्यांची तारीख आणि वेळ लिहीत जा. पुढच्या भेटीत ती बाजू आधी दाखवा. मात्रा ठरवणाऱ्या तज्ज्ञांना तिचाच सर्वांत अधिक उपयोग होईल.